चांगुणाताईच्या पावांचा हिवाळा

आमच्या सापगावात भात झोडून झालं की घराघरापुढे पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात. नव्या पेंढ्याचा वास गोडसर असतो, जरा धुळकट. नाकात शिरला की शिंक येते आणि शिंकेनंतरही तो जात नाही. लहानपणी मी त्या उडव्यांवर लोळून अंगभर खाज करून घ्यायचे. यंदा परवा दुपारी वडिलांनी पेंढ्याचा पहिला भारा अंगणात टाकला, वास आला आणि माझ्या पोटात कळ उठली. कळ हेव्याची आहे. सरळच लिहिते. मी पत्रकं लिहून लिहायला शिकले, आणि पत्रकात पहिल्या ओळींतच मुद्दा सांगावा लागतो, कारण पुढे वाचणारा टिकतोच असं नाही.

पत्रकात मी अन्याय लिहिलाय, बेपर्वाई लिहिलीय. धरणं आमच्या डोंगरात आणि उन्हाळ्यात हंडे आमच्याच बायकांच्या डोक्यावर, हे तर इतक्यांदा लिहिलंय की आता हात आपोआप चालतो. हेवा कधी लिहिला नव्हता. अन्यायाच्या समोर कोणीतरी असतं, ठेकेदार असतो, खुर्ची असते. हेव्याच्या समोर एक बाई बसलेली असते, तिनं आपलं काही वाकडं केलेलं नसतं आणि तिच्या पुढ्यात परात असते.

ती बाई म्हणजे चांगुणाताई. डोळखांबच्या डोंगरातल्या एका पाड्यावर राहते. नवरा काशिनाथ, सासू भीमाबाई, मोठी मुलगी रूपाली आणि रूपालीच्या पाठचे दोघं लहान. मी संघटनेचं काम घेऊन पहिल्यांदा त्या पाड्यावर गेले तेव्हा बायकांनी दारं लोटून घेतली होती. हिनं दार लोटलं नाही. कोरा चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "तू कोणाची गो? लगीन झालंय का नाय?" तेव्हापासून ती माझी. 'माझी' हा शब्द मी मुद्दाम लिहितेय. मोर्चात ती माझ्या खांद्याला खांदा लावून चालायची, बैठकीला बायका गोळा करून आणायची. वयानं ती मोठी, तरी मलाच ताय म्हणायची. डोळखांबकडे बायका चांगल्या जमतात असं संघटनेत कोणी म्हणालं की मी मान खाली घालून हसायचे, जशा काही त्या बायका मीच पेरल्या, मीच लावल्या.

त्या पाड्याचं दुखणं दर वर्षी एकच. भात घरात आलं, नाचणी खुडून झाली की हाताला काम उरत नाही. मग मुकादमाची गाडी येते आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, ती आगोटीला, पावसाच्या तोंडावर, परततात. घरात दहावीची मुलगी असली तरी तिला न्यावंच लागतं, कारण आई मातीत उतरली की पाठची भावंडं सांभाळायची कोणी? 'पोरींची शाळा भट्टीत जाळू नका' हे माझं पत्रक त्यावरच होतं. गेल्या हिवाळ्यात रूपाली दहावीत होती. दसऱ्यालाच चांगुणाताई मला म्हणाली होती, "यंदा मी गाडीत चढायची नाय. काय बी करीन, पण पोरीला परीक्षेला बसवीन." मी समजले, हा माझ्या पत्रकाचा परिणाम.

परिणाम दुसऱ्याच गोष्टीचा होता. तिचं माहेर मुरबाडकडचं. सिद्धगडाच्या बाजूला शहरातल्या लोकांनी फार्महाऊसं बांधलीत, त्यातल्या एका घरात ती भातलावणी उरकल्यावर दोन महिने भांड्यांना राहिली होती. तिथली मालकीण जेवणाबरोबर खायला घरीच पाव करायची. बेकरीच्या लादीपावाहून लहान, गोल, आणि इतके मऊ की बोट लावलं तर खळी पडून आपोआप भरून यायची. "शिकवलं नाय काय तिनं," चांगुणाताई सांगायची. "मी भांडी घासत व्हते. तोंड भिंतीकडं, ध्यान मागं."

घरी तिच्याकडे ओव्हन कुठला असायला. जर्मनचा मोठा टोप, तळाला नदीची वाळू, वाळूवर ताटली, ताटलीत पाव, वर झाकण आणि झाकणावर निखारे. मैदा, दूध, साखर, मीठ, तेल आणि शहापूरच्या बाजारातून आणलेली यीस्टची पुडी. पाड्यावर तिला सगळे फुगायची पावडर म्हणतात. मळलेला गोळा फुगायला ऊब लागते आणि आमच्याकडे दिवाळीनंतरच्या थंडीत सकाळी तेलसुद्धा जड होतं. फार्महाऊसवर त्यासाठी काहीतरी दिव्याची पेटी होती म्हणे. चांगुणाताईनं पेंढा घेतला. आंब्याची आढी लावतात ना, तशी खोलीच्या कोपऱ्यात पेंढ्याची आढी लावली आणि पिठाचं पातेलं फडक्यात बांधून त्यात पुरलं. कच्चा आंबा पेंढ्यात पिकतो तर पीठ का नाही फुगणार, एवढाच तिचा हिशेब. फुगलं. दुप्पट फुगलं. मी शिकलेली, मी भाषणं करणारी, आणि हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. पहिली कळ तिथं उठली.

दुसरी भर बैठकीत. पाड्याच्या समाजमंदिरात मी गावातच काम मागण्याच्या हक्कावर बोलत होते. अर्ज द्या, पोच घ्या, पोच दिली नाही तर उठू नका. घसा ताणून सांगत होते आणि बायकांच्या माना एकेक करून दाराकडे वळत होत्या. दूध आणि पीठ भाजल्याचा वास बैठकीत येऊन बसला होता.

"ताय, पाच मिनटं थांब गो," पुढे बसलेली बुधीमावशी म्हणाली. "चांगुणा टोप उतरवते."

"मावशी, बैठक चाललीय."

"बैठक काय पळत नाय. पाव गार व्हतील."

ती उठली, तिच्यामागे सगळ्या उठल्या. सतरंजीवर मी आणि माझं पत्रकांचं बंडल. शेवटी मीही गेले, दुसरं काय करणार. चांगुणाताईनं झाकण काढलं. मध्ये एक पाव, भोवती सहा, एकमेकांना चिकटून बसलेले, वरून विटकरी तांबूस. तिनं वर तुपाचं बोट फिरवलं आणि एक पाव ओढून काढला. तुटताना आवाज नाही. आतून काटेसावरीच्या कापसासारखे धागे सुटत गेले, त्यातून वाफ आली. पहिला पाव तिनं मला दिला. तो वाईट असावा अशी माझी मनापासून इच्छा होती. वाईट नव्हता. ज्या बायकांना मी तासभर एका जागी बसवू शकले नव्हते, त्या तिच्या अंगणात दुसरा टोप होईपर्यंत गुमान बसून राहिल्या. वर एकमेकींना विचारत होत्या, गाडीत कोण कोण जाणार, कोण राहणार. माझ्याच बैठकीचा विषय, पण माझ्याशिवाय.

मग मी तत्त्वं काढली. हेवेदार माणसाला तत्त्वं फार लवकर सुचतात. म्हटलं, "ताई, नाचणी आपली, मैदा बाहेरचा. आपणच मैदा खायला लावायचा का लोकांना?" ती हसली. "नाचणी फुगत नाय गो. तू फुगवून दाखव, मी तीच करीन." बायका हसल्या. मीही हसले, आणि घरी जाऊन मैद्याचे दुष्परिणाम यावर पत्रकाचा मजकूर लिहून काढला. छापला नाही. निदान एवढी लाज होती.

तिसरी कळ आमच्याच घरात. चांगुणाताईनं सात पाव फडक्यात बांधून माझ्या आईसाठी दिले होते. माझी आई कौतुक जपून वापरते. माझं नाव पेपरात आलं तेव्हा "फोटो काळा आलाय" एवढंच म्हणाली होती. तिनं पाव चहात बुडवला, खाल्ला, दुसरा न बुडवता खाल्ला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हात मऊ असणार बाईचा. तुझ्या भाकरीला तर मांजर पण वळून बघत नाय." वडील म्हणाले, "बघतं की. लांबनं." मी तिथून उठले नाही, पण त्या रात्री नीट जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी आईबाबा शेतावर गेल्यावर मी दार लावून पाव करायला बसले. मैदा घेतला, पावडर घातली आणि चुलीवर पाणी खळखळून उकळलं. आम्ही तांदळाच्या भाकरीची माणसं. पीठ म्हटलं की उकळतं पाणी ओतायचं, उकड काढायची, मगच मळायचं, हे आमच्या हातात आईच्या पोटातून येतं. विचार करावा लागत नाही. उकळतं पाणी ओतलं, गार करून मळलं, पेंढ्यात पुरलं. संध्याकाळी पातेलं जसं पुरलं तसंच होतं. मी ते हट्टानं भाजलं. भावानं एक पाव उचलून उंबऱ्यावर आपटला आणि म्हणाला, "दार आपटतंय ना वाऱ्यानं, हा लावून ठेव."

चांगुणाताईला मी आडून विचारलं, समज एखादीचा पाव फुगला नाही तर काय चुकतं. ती लगेच म्हणाली, "उकळतं पाणी घातलंस?" मी म्हटलं, मी नाही, एक ओळखीची बाई. "सांग तिला, त्या पावडरीत जीव असतो. बोटाला ऊन लागंल एवढंच पाणी. उकळतं घातलं तं मरतं, मग पेंढ्यात ठेव नाय तं छातीशी धर. माझा पैला घाणा असाच गेला. आपली सगळी भाकरीवाली, समद्यांचा पैला असाच जाणार." तेव्हा मला हे कळलेलं होतं. हे इथं नीट लिहून ठेवते. मला माहीत होतं.

पुढच्या महिन्यात त्यांच्या गावच्या मंडळाचे कबड्डीचे सामने होते. आजूबाजूच्या पाड्यापाड्यांतून संघ येतात, माणसं दिवसभर मैदानात असतात. मंडळाच्या पोरांनी चांगुणाताईला विचारलं, सामन्याच्या दिवशी सगळ्यांना पुरतील एवढे पाव करशील का, सोबत उसळ आम्ही करतो. जमलं तर लग्नसराईपर्यंत दर कार्यक्रमाला तुलाच सांगू. काशिनाथ भट्टीवर जायच्या तयारीत होता. तो म्हणाला, "हे झालं नीट, तं आपण यंदा राहू. नाय झालं, तं सोमवारी गाडी आहे. मंग माझ्याशी वाद घालायचा नाय." तिनं मान हलवली. रूपालीनं बांधून ठेवलेलं दप्तर परत सोडलं. ते दप्तर सोडताना मी तिथं होते.

सामन्याच्या दिवशी पहाटे उठून मी त्यांच्याकडे पोचले, मदतीला म्हणून. सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. पाड्यातल्या चार घरांतले टोप अंगणात रांगेनं मांडलेले. दोन मोठ्या परातींत मैदा, त्यात पावडर, साखर, मीठ कालवून तयार. चुलीवर पाण्याचं भगुणं. चांगुणाताई मला म्हणाली, "पाणी निवलं की भिजवू. मी पेंढा आणते तवर." आणि ती घराच्या मागे उडवीकडे गेली. मी दारात उभी होते. माझ्या हातात चहा होता. आत भीमाबाई उठली. तिला वाटलं असणार, सून एकटीनं किती करणार, आपण हात लावावा. तिनं पदरानं भगुणं धरलं, चुलीवरून उतरवलं आणि वाफा येतच होत्या तसं पाणी परातीत ओतायला लागली. पहिल्या परातीत. मग दुसरी परात ओढली.

मधे वेळ होता. घोषणा द्यायला लागतो त्याच्याहून जास्त होता. 'आय, थांब', एवढे दोन शब्द. मी नगराध्यक्षासमोर बोललेय, पोलिसांसमोर बोललेय, माइक बंद केला तेव्हा बिनमाइकची बोललेय. दारात उभं राहून मी भीमाबाईचे हात बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, की आज मैदानात सगळ्यांच्या तोंडी चांगुणाताईचं नाव असेल, आणि मी तिथंच झाडाखाली पत्रकं वाटत असेन आणि लोक ती पावाखाली धरतील. चहाचा घोट घेतला. बोलले नाही.

भीमाबाईनं पीठ हलवून निववलं आणि सून परत येईपर्यंत दोन्ही गोळे मळून ठेवले. चांगुणाताईला ते बघून बरं वाटलं. "आत्याबाय, अर्धं काम केलंत की तुमी." तिनं गोळ्याला हात लावला, कोमट लागला, थंडीत कोमटच हवा होता. आढी लावली, पातेली पुरली. आम्ही तिघी निखारे करत बसलो. ऊन अंगणभर आलं. मैदानातून भोंगा ऐकू येत होता. तिनं पेंढा बाजूला केला, फडकं सोडलं. गोळे होते तेवढेच होते. मग एक तुकडा तोडून बोटांत चोळला. तो रबरासारखा चिकट झाला होता. तिला लगेच कळलं.

"पाणी कोणी घातलं?"

"मी," भीमाबाई म्हणाली. "पिठाला उकड नको?"

चांगुणाताई सासूला एका शब्दानं बोलली नाही. माझ्याकडे वळली. "ताय, तू हुतीस ना गो हितं?"

"मला फोन आला होता," मी म्हटलं.

मंडळानं शहापूरहून बेकरीचे पाव टेम्पोनं आणले. लोकांनी खाल्ले, सामने झाले, कोण जिंकलं ते मला आठवत नाही. काशिनाथ फक्त "झालं मंग" म्हणाला. सोमवारी गाडी आली. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, दोन लहान मुलं, आणि सगळ्यात वर रूपाली बसलेली. भीमाबाई एकटी दारात उभी होती. म्हातारी माणसं भट्टीवर नेत नाहीत, आणि एकट्या म्हातारीवर पोरं टाकून जाता येत नाही. त्या आठवड्यात मी स्थलांतरावर जे पत्रक लिहिलं ते आजवरचं माझं सगळ्यात चांगलं पत्रक आहे असं लोक म्हणतात. वीटभट्ट्यांना, मुकादमांना, गप्प बसणाऱ्या शासनाला मी त्यात सोडलं नाही. एका वाक्यातही खोटं नव्हतं. म्हणून तर ते मला आजही वाचवत नाही.

रूपाली परीक्षेला बसली नाही. आगोटीला सगळे परत आले. मी पुन्हा पाड्यावर जात राहिले. चांगुणाताई चहा देत राहिली, बायका गोळा करत राहिली. तिनं काही विचारलं नाही आणि मीही माझी बैठक, माझं काम असं करत राहिले. पोरं भीमाबाईला 'उकडीची आजी' म्हणून चिडवायची. मी ऐकलं न ऐकलं करायचे. यंदा रूपाली पुन्हा फॉर्म भरून शाळेत जाऊन बसते आहे आणि मंडळानं चांगुणाताईला पुन्हा विचारलंय. हे कळलं आणि मला काय वाटलं म्हणता? आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या बुडाशी तीच ती जळजळ. मला माझीच किळस आली. परवा अंगणात पेंढा पडला, काल मी डोळखांबची गाडी पकडली.

दुपारची वेळ. चांगुणाताई अंगणात टोप घासत बसली होती. मी सांगितलं. फोन आला नव्हता. दारात होते. बघत होते. मला माहीत होतं.

ती राख लावत राहिली. "मला म्हाईत हाये," ती म्हणाली. "आत्याबायनं त्याच दिशी सांगितलं. म्हणाली, ताय दारात हुती, बघत हुती, काय बोलली नाय, म्हणून मला वाटलं बरोबर करते मी."

म्हणजे माझ्या गप्प राहण्याला म्हातारीनं होकार समजलं होतं. शिकलेली पोरगी समोर उभी आहे आणि अडवत नाही, म्हणजे चुकत नसणार.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुझा धंदाच बोलायचा. म्हटलं, बोलंल कधीतरी." तिनं टोप पालथा घातला. तिच्या आवाजात राग नव्हता आणि मला त्याचाही हेवा वाटला. मी तिच्या जागी असते तर पाड्यापाड्यात पत्रक काढलं असतं. "मला सांगून काय उपेग नाय आता, ताय. माझी पोर यंदा बसंल परीक्षेला. आत्याबायला सांग. त्या दिसापास्नं ती पिठाला हात लावत नाय. आमी भट्टीवर हुतो तवा नुसत्या भातावर राहिली. भाकरी पण मीच थापते. दे म्हटलं तं म्हणते, नको, माझ्या हातानं वाटोळं व्हतं."

भीमाबाई घराच्या मागे नाचणीची कणसं पसरून बसली होती. काठीनं हळूहळू झोडत होती. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. मुद्दे मी गाडीतच तयार केले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सुटणार नाही असे. तोंड उघडलं आणि म्हणाले, "आय, गेल्या वर्षी त्या दिवशी तुमची काही चूक नव्हती, चूक..."

तिनं काठी खाली ठेवली आणि शेजारची कणसं हातानं बाजूला केली. एका माणसापुरती जागा झाली.

"बस आधी," ती म्हणाली. "उभ्यानं तू भाषण करतेस."

मी बसले.